वहीत न उरलेला स्वभाव : भावे यांचा सूत्रधार, दशावतारातला राक्षस आणि टेबलावरचे पात्र

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे आख्यान रंगभूमीवर आणले. मराठी रंगभूमी दिन आपण याच तारखेला साजरा करतो, त्यामुळे हा सनावळीचा भाग सर्वांना पाठ असतो. या परंपरेविषयीची दुसरी एक गोष्ट मात्र सहसा तळटीपेतच राहते. या नाटकांत पात्रांची भाषणे संहितेत बांधलेली नसत.

मग काय असे? सूत्रधार असे, आणि तो शेवटपर्यंत रंगभूमीवर उभा असे. आरंभी तो आपल्या साथीदारांसह मंगलाचरण करी, वनचराच्या वेषातला विदूषक येऊन त्याच्याशी थट्टा करी, मग गणपती येई, मोरावर आरूढ झालेली सरस्वती येई, आणि नंतर आख्यान लागे. पुढे प्रत्येक प्रसंगी सूत्रधार पद म्हणे. कोण प्रवेश करीत आहे, त्याच्या मनाची अवस्था काय आहे, तो कोणते कृत्य करू पाहतो आहे, हे त्या पदात असे. पद संपले की ज्याचे त्याचे पात्र त्या पदाचा धागा धरून आयत्या वेळी बोलू लागे. कथा नटाला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक, प्रसंगांचा क्रम ठरलेला. शब्द मात्र त्या रात्रीचे असत.

हे वर्णन ज्या वाचकांनी कधी ‘टेबलटॉप रोलप्लेइंग’ खेळले आहे, त्यांना ओळखीचे वाटेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण जगाचे वर्णन करतो, संकटे उभी करतो, वाटेत भेटणाऱ्या सर्व गौण पात्रांच्या वतीने बोलतो. याला गेम मास्टर म्हणतात. उरलेले प्रत्येकी एक पात्र धारण करतात आणि ‘मी असे करतो’, ‘मी त्याला असे म्हणतो’ अशा रीतीने कथा पुढे नेतात. निकाल संशयास्पद असेल तेथे फासे पडतात. संहिता कोणापाशीच नसते. सूत्रधार आहे, आख्यानाची ढोबळ दिशा आहे, आणि उत्स्फूर्त भाषण आहे. भावे यांना फासे तेवढे दाखवावे लागले असते.

खोपटमध्ये आम्ही काही मित्र गेली तीन वर्षे रविवारी दुपारी हा खेळ खेळतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चापल्य, बुद्धी यांचे अंक असतात, शस्त्रांची यादी असते, आणि खालच्या कोपऱ्यात ‘हेतू’ व ‘स्वभाव’ यांसाठी दोन ओळींची जागा असते. अंकांचे रकाने सर्वांचे काटेकोर भरलेले असतात. या दोन ओळी मात्र एकतर रिकाम्या असतात किंवा तेथे ‘सूड’ असा एकच शब्द असतो. आमच्या पाच पात्रांपैकी चौघांचे आईवडील मारले गेले आहेत आणि तिघांचे गाव जळून गेले आहे. इतक्या अनाथांची एकाच धर्मशाळेत गाठ पडणे हा योगायोग म्हणावा लागेल.

थट्टा सोडून देऊ. मात्र पात्राला ‘हेतू’ हवा ही अपेक्षा आणि तो हेतू नेमका कोठे वसतो हा प्रश्न मराठी रंगभूमीच्या इतिहासात दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे, आणि माझ्या मते त्या इतिहासाचे आपण केलेले वाचन एका ठिकाणी चुकते.

रूढ वाचन असे आहे. भावे यांच्या नाटकांत पात्रांना अंतरंग नव्हते. साचे होते. मंडळींतही नटांची विभागणी तशीच असे : राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी. (टेबलावरच्या खेळात योद्धा, मांत्रिक, चोर असे ‘वर्ग’ असतात, आणि तेथे ‘पार्टी’ हा शब्द संपूर्ण टोळीसाठी वापरतात. शब्दांच्या या अदलाबदलीची मला फार मौज वाटते.) राक्षस तलवारी परजत, आरोळ्या ठोकत प्रवेश करीत; त्या आरोळ्यांवरूनच पुढच्या पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ असे हिणवले, आणि मृदंगाच्या बोलांवरून ‘तागडथोम’ असेही म्हटले. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुणाला त्यांत हास्यास्पद नाच दिसे.

मग १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. पुराणातला देव नव्हे, नव्वद वर्षांपूर्वी थेऊरला क्षयाने मृत्यू पावलेला एक पेशवा नायक झाला; आणि त्याची, रमाबाईंची भाषणे शब्दशः छापलेली होती. अशा नाटकांना पुढे ‘बुकिश’ हे नाव पडले. बुकातून आलेली ती बुकिश. त्या नावात कौतुक आणि टोमणा दोन्ही आहेत.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात झाले. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचा प्रयत्नही त्याच सुमाराचा. येथे झालेला बदल वरवर तांत्रिक वाटतो, परंतु पात्राच्या अंतरंगाच्या दृष्टीने तो मोठा आहे. पदे सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्रांच्या तोंडी गेली. पूर्वी शकुंतला व्याकूळ झाली आहे हे सूत्रधार सांगे आणि नट ते करून दाखवी; आता शकुंतला स्वतः गाऊन सांगू लागली. मनाची अवस्था सांगण्याचा अधिकार निवेदकाकडून पात्राकडे आला. सूत्रधार नांदीपुरता उरला आणि पडद्यामागे गेला.

तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर. नावच पाहावे. राजपुत्राचे नाव नाही, राज्याचे नाव नाही. विकारांचा खेळ हेच नाटकाचे शीर्षक. शाहूनगरवासी मंडळीतील गणपतराव जोशी यांनी ही भूमिका इतकी गाजवली की हॅम्लेट म्हटले की त्यांचेच नाव निघे. ज्या नायकाला काय करावयाचे हे पहिल्याच अंकात ठाऊक आहे आणि तरी ते त्याच्याकडून होत नाही, असा नायक मराठी प्रेक्षकाने तोवर फारसा पाहिला नव्हता. भावे यांच्या राक्षसाला असा विलंब परवडला नसता.

या वाटेने चालत आपण राम गणेश गडकऱ्यांपर्यंत येतो. खोपटहून तलावपाळीला चालत गेले तर गडकरी रंगायतन लागते. १९७८ पासून उभ्या असलेल्या या वास्तूत ठाणेकरांच्या पिढ्यांनी नाटक पाहिले आहे. ‘एकच प्याला’ १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान, तडफदार वकील. न्यायालयातील एका अपमानाच्या प्रसंगानंतर त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. तळीराम त्या मनःस्थितीत त्याच्या हाती पहिला प्याला देतो. आणि पुढचा विनाश आपल्याला माहीत आहे.

या नाटकावर एक जुना आक्षेप आहे : एवढ्याशा कारणाने एवढा मोठा अधःपात कसा होईल? सनद तर परत मिळणारच होती. मला हा आक्षेप पात्राच्या ‘हेतू’विषयीच्या आपल्या गोंधळाचे उत्तम उदाहरण वाटतो. आक्षेप घेणारा घटनेला कारण समजतो. परंतु अपमान हा केवळ प्रसंग आहे. तोच प्रसंग रामलालवर आला असता तर तो चार दिवस खिन्न राहून कामाला लागला असता. सुधाकराला अपमान सहन होत नाही, स्वतःच्या नजरेतही लहान होणे त्याला सोसत नाही; म्हणूनच दारू सोडण्याचा निश्चय केल्यावरही जगाची अवहेलना वाट्याला येताच तो पुन्हा मागे ओढला जातो. गडकऱ्यांनी भूतकाळात एक आघात ठेवून काम भागवले नाही. प्रत्येक प्रवेशात त्यांनी त्या मानी स्वभावासमोर एक नवी कसोटी ठेवली आणि त्याला निवड करायला लावली. आमच्या रविवारच्या टेबलावरचे जळालेले गाव आणि सुधाकराची सनद यांत हाच फरक आहे. गाव एकदाच जळते. त्यानंतर ते पात्राच्या कोणत्याही निर्णयात डोकावत नाही.

हे भेद आपल्याकडे नवे नव्हते, हेही नोंदवावे लागेल. नाट्यशास्त्राच्या परंपरेत धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत असे नायकांचे प्रकार आहेत. तो झाला स्वभावाचा साचा. परंतु त्याच शास्त्रात कार्याच्या पाच अवस्थाही आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. या पाचही अवस्था नायकाच्या इच्छेच्या आहेत. त्याला काही हवे आहे, तो त्यासाठी खटपट करतो, मिळेल अशी आशा वाटते, खात्री होते, मिळते. कथानकाचा कणा येथे एका माणसाच्या हव्यासाला बांधला आहे. विसाव्या शतकात के. नारायण काळे यांनी स्तानिस्लाव्हस्कीचा ग्रंथ ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणला आणि ‘या क्षणी माझ्या पात्राला काय हवे आहे?’ हा प्रश्न तालमीत रुळू लागला, तेव्हा तो परका वाटला नाही, याचे एक कारण हे असावे.

आतापर्यंतची कथा सुबक आहे. अंधारातून उजेडाकडे : आरोळ्या ठोकणारा राक्षस, मग गाणारी शकुंतला, मग विचारात पडलेला हॅम्लेट, मग सुधाकर. पाठ्यपुस्तकांना अशी कथा आवडते. माझी अडचण या कथेच्या पहिल्या पायरीशी आहे.

भावे यांच्या नाटकांना अंतरंग नव्हते हे आपल्याला कशावरून कळते? दोन गोष्टींवरून. एक, पुढच्या पिढीची थट्टा. दुसरी, छापील अवशेष. भावे यांनी आपली पदे १८८५ साली ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून प्रसिद्ध केली. तो ग्रंथ वाचला तर त्यात पदे आहेत. सूत्रधाराने म्हणावयाची पदे. ज्या भागात नट पात्र होऊन बोलत असे, प्रतिपक्षाला उत्तर देत असे, अडचणीत सापडत असे आणि त्यातून वाट काढत असे, तो भाग त्यात असणेच शक्य नव्हते. कारण तो कधी लिहिलाच गेला नव्हता. म्हणजे आपण सांगाडा पाहून म्हणतो आहोत की या प्राण्याला आवाज नव्हता.

प्रेक्षकही निर्बुद्ध नव्हते. राजाश्रय गेल्यावर भावे यांची मंडळी तिकीट लावून गावोगाव फिरली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. (त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, ठाणेकर म्हणून हा उल्लेख टाळवत नाही.) पैसे मोजून येणारा शहरी प्रेक्षक केवळ तलवारबाजीसाठी येत होता असे मानणे सोपे आहे, पण ते मानण्याला आधार काय, हा प्रश्न विचारायला हवा.

येथे आपल्याला कोकणात उतरावे लागते. खोपटच्या एसटी आगारातून गणपतीच्या दिवसांत कोकणाकडे गाड्यांवर गाड्या सुटतात. या भागात मूळचे तळकोकणातले असंख्य चाकरमानी राहतात, आणि त्यांच्यासोबत दशावतारही ठाण्यात आलेला आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या उत्तर भागात कार्तिकापासून जत्रांचा हंगाम लागला की दशावताराची मंडळे गावोगाव फिरतात. देवळासमोर रात्रभर खेळ चालतो. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच आसन. एका बाजूस पेटी, पखवाज, झांज. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते, मालवणीत थट्टा करणारा संकासूर येतो. त्यानंतर आख्यान लागते. भावे यांच्या नाटकाच्या क्रमाशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आलेच असेल. भावे यांना प्रेरणा देणारे कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ आणि दशावतार यांचा गोत्रसंबंध अभ्यासकांनी पूर्वीच दाखवला आहे.

दशावतारातही संहिता नसते. कोणते आख्यान करावयाचे हे पुष्कळदा त्या गावी पोहोचल्यावर ठरते. नट आपापले तोंड स्वतः रंगवीत बसलेले असतात आणि रंगता रंगताच प्रवेशांचा क्रम बोलून घेतात. तू आधी ये, मी मागून येतो, येथे युद्ध, तेथे विलाप. एवढ्या शिदोरीवर रात्र काढायची.

आता कल्पना करा. आख्यान भस्मासुराचे आहे असे समजू. राक्षसाचा पार्ट करणारा नट वर मिळाल्याच्या उन्मादात उभा आहे. समोर मोहिनी. कथा ठरलेली आहे; तिने नाचायचे, त्याने तिच्यासारखे हावभाव करत शेवटी स्वतःच्या मस्तकी हात ठेवायचा. पण मोहिनीचा पार्ट करणारा जुना खेळाडू नृत्याला आरंभ करण्यापूर्वी विचारतो : ‘असुरश्रेष्ठा, ज्याने वर दिला त्याच्यावरच हात उगारलास. उद्या मी तुला काही दिले, तर माझी गत काय?’ हा प्रश्न क्रमात नव्हता. प्रेक्षक शांत होतात, कारण त्यांनाही हे कळते. राक्षसाने आता उत्तर दिले पाहिजे, आणि ते लगेच दिले पाहिजे.

पाठ केलेले भाषण येथे उपयोगाचे नाही. नटाला एकच आधार उरतो : या असुराला नेमके काय हवे आहे? त्याला सत्ता हवी असेल तर उत्तर एक येईल. आपल्याला कोणी कृपेने काही दिले, या जाणिवेचाच त्याला जाच होत असेल, दात्यासमोर कायमचे लहान राहणे त्याला असह्य असेल, तर उत्तर दुसरे येईल, आणि मग शंकरामागे धावण्याचा सगळा प्रसंग वेगळ्या उजेडात दिसू लागेल. (सुधाकराचा दूरचा नातलग म्हणता येईल याला.) जो नट हे ठरवून उभा आहे तो बोलेल. ज्याने ठरवलेले नाही तो आरोळी ठोकेल. अललडुर्र!

म्हणून माझे म्हणणे असे की संहिता नसलेल्या नाटकात पात्राचा अंतःस्वभाव कमी लागत नाही, अधिक लागतो. लिखित नाटकातल्या नटाने हेतू ओळखला नाही तरी गडकऱ्यांचे वाक्य त्याला प्रवेशाच्या शेवटापर्यंत वाहून नेते. उत्स्फूर्त खेळात वाहून नेणारे कोणी नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की आजचा दशावतार पाहून १८४३ च्या सांगलीविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे. मान्य. दशावतार गोठलेला नाही. संगीत नाटकाचे गाणे, गद्य नाटकाची भाषा, चित्रपटाची प्रकाशयोजना, सारे त्यात मिसळले आहे. आजच्या राक्षसाचे भाषण कदाचित बुकिश नाटकाकडूनच शिकलेले असेल. म्हणून मी भावे यांचे नट असे बोलत होते असे म्हणत नाही. अशा रचनेच्या खेळात नटापुढे कोणता प्रश्न उभा राहतो, एवढेच दशावतारावरून दाखवता येते. तो प्रश्न भावे यांच्या नटापुढेही उभा राहिला असणार, कारण रचना तीच होती.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. उत्स्फूर्ततेतूनही साचेच जन्मतात. गुरूकडून शिष्याकडे आलेली ठरीव भाषणे असतात, कोणत्याही राजाच्या तोंडी बसणारी. टाळी घेणारी वाक्ये असतात. दमलेला नट पहाटे चार वाजता हेतू शोधत बसत नाही, तो साठवणीतले काढतो. हे खरेच आहे, आणि आमचे अनाथ योद्धे याच जातीचे आहेत. पण साठवणीतले भाषण लिखित नाटकाच्या नटाकडेही असते. त्याला तो ‘माझी शैली’ म्हणतो.

आता पुन्हा टेबलाकडे. या खेळाचा पूर्वज लष्करी डावपेचांचा खेळ होता, त्यामुळे अंक आधी आले आणि मन नंतर आले, असे सामान्यतः सांगितले जाते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्वभावासाठी व्यवस्था, तटस्थता आणि अराजक असे तीन पक्ष होते. कोणाच्या बाजूने लढणार, एवढाच त्यांचा अर्थ. राक्षसपार्टी आणि देवपार्टी!

परंतु त्याच्याही आधी, १९६९ साली, अमेरिकेतील मिनेसोटात डेव्ह वेस्ली नावाच्या तरुणाने एक प्रयोग केला होता. नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव, आणि दोन सैन्ये त्याच्याकडे येत आहेत. वेस्लीने सेनापतींखेरीज इतर खेळाडूंना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे उद्दिष्ट दिले. लढाई सुरू होण्याआधीच सगळे एकमेकांशी कुजबुजू लागले, कट रचू लागले, वेस्लीला न विचारता वाटाघाटी करू लागले. त्याची योजना कोलमडली. खेळ फसला असे त्याला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळायची मागणी केली. आर्नेसन याच मंडळीतला. म्हणजे या खेळाच्या मुळाशी अंकांआधी हेतू होता. छापील पुस्तकात मात्र अंक उतरले, कारण अंक लिहिता येतात. सांगलीची गोष्ट येथे मला पुन्हा ऐकू येते.

१९८५ मध्ये ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ या खेळाने स्वभावच अंकांत मांडून पाहिला. शौर्य आणि भ्याडपणा, दया आणि क्रौर्य, अशा तेरा विरुद्ध जोड्या. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एखादा गुण फार वाढला की प्रसंगी फासे टाकावे लागतात, आणि फाशांनी सांगितले तर आपला सरदार आपल्या इच्छेविरुद्ध दया दाखवतो किंवा सूड घेतो. खेळाडूला आपल्याच पात्रापुढे हतबल व्हावे लागते. ‘विकारविलसित’ हे नाव या खेळाला शोभले असते. मला ही युक्ती बुद्धिमान वाटते, पण पुरेशी वाटत नाही. ‘दया १६’ हे मोहिनीच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आमच्या टेबलावर हल्ली आम्ही एक साधा बदल केला आहे. हेतूचा रकाना खेळाआधी भरत नाही. त्याऐवजी प्रत्येक बैठकीत एका खेळाडूने दुसऱ्याच्या पात्राला एक प्रश्न विचारायचा, क्रमात नसलेला, आणि त्याने पात्र न सोडता उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी पुष्कळ आरोळ्या ऐकू आल्या. तिसऱ्या बैठकीत आमच्या सूडाने पेटलेल्या धनुर्धराला कोणी विचारले, ‘मारेकरी सापडला, आणि तो म्हातारा, आंधळा निघाला, तर तू कोणासाठी जगशील?’ तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणूनच मी त्याला फार घाईने शोधत नाही.’ त्या वाक्याने एक वर्षाचा खेळ मागे जाऊन बदलला. दरवेळी वाट चुकणारा, दरवेळी दुसऱ्यांच्या भांडणात गुंतणारा तो धनुर्धर आम्हाला एकाएकी समजला. कागदावर अजूनही ‘सूड’ एवढेच लिहिलेले आहे.

आणि हे वाक्य कोठेही नोंदलेले नाही. मी येथे लिहितो आहे तेवढेच. पन्नास वर्षांनी कोणा संशोधकाला आमच्या पात्रांचे कागद सापडले, तर बळ १४, चापल्य १७, बाण २० पाहून तो लिहील की हे लोक बेरजा करून करमणूक करीत. ‘नाट्यकवितासंग्रह’ उघडून आपण जे केले तेच तो करील.

दशावताराच्या बाबतीत ही नोंदीची अडचण आज अधिक निकडीची आहे. प्रयोगांची चित्रफीत हल्ली पुष्कळ होते, परंतु ती समोरून, प्रेक्षागृहातून. तोंड रंगवता रंगवता झालेले ते पंधरा मिनिटांचे बोलणे, राक्षस आज कसा घ्यायचा यावरचा वाद, वडीलधाऱ्या खेळाडूने नवख्याला दिलेली एका वाक्याची सूचना, हे चित्रफितीत येत नाही. शहरातल्या नाट्यगृहात प्रयोग तीन तासांत बसवावा लागतो, तेव्हा सर्वांत आधी कापले जातात ते असे क्रमात नसलेले प्रश्न. युद्ध आणि गाणे राहते. आख्यानांच्या याद्या ग्रंथालयांत मिळतील. कोणत्या नटाने भस्मासुराला काय हवे होते असे मानले, हे त्या नटालाच विचारावे लागेल, आणि ते तो असेतोवरच.

माझ्या प्रबंधाचा विषय वेगळा आहे, त्यामुळे हे काम मी सवडीने करतो आहे. आपल्या घरात, वाडीत, ओळखीत दशावतारात राजा, राक्षस वा स्त्रीपार्ट केलेले कोणी असतील, तर त्यांना एकच प्रश्न विचारा : ‘समोरच्याने कधी असे काही विचारले का, ज्याचे उत्तर तुमच्यापाशी तयार नव्हते? मग काय बोललात?’ उत्तर आठवते त्या शब्दांत, मालवणीत असेल तर मालवणीतच, या धाग्याखाली लिहा. आख्यानाचे नाव आणि साधारण कोणत्या वर्षीची जत्रा एवढे सोबत असले की पुरे. नटाचे नाव त्यांची परवानगी असेल तरच द्यावे.